१८ डिसेंबरपर्यंत ती अट मागे घ्या

हा इशारा भारत सरकारला आहे, आणि तो देणाऱ्या आम्ही बायका देवाधर्माला मानणाऱ्या आहोत. आमच्यात कोणी नमाज पढते, कोणी वारीला जाते, कोणी रविवारची मिस्सा चुकवत नाही. धर्मबुडव्या म्हणून आम्हाला बाजूला सारण्याची सोय कुणालाही नाही.

९ जुलै १९९३ रोजी भारताने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवणारा संयुक्त राष्ट्रांचा करार, सीडॉ, मान्य केला, पण त्याला एक अट जोडून. रूढी व पूर्वग्रह बदलण्याचे कलम ५(अ) आणि लग्न व कुटुंबातल्या समानतेचे कलम १६(१) पाळू; पण कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हात घालणार नाही. म्हणजे घराच्या उंबरठ्याशी करार थांबला. कराराच्या समितीने ही अट काढा म्हणून वारंवार बजावले. अट अजून तिथेच आहे.

पुढाकार हवा होता ना? १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. तलाक आणि सवत आणण्याच्या रिवाजाविरुद्ध त्या भर रस्त्यात बोलल्या. सात जणी, त्या काळात! पुढे भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमण हाजी अली दर्ग्यातल्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क मागायला मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी त्या जिंकल्या. दर्गा त्यांना तोडायचा नव्हता, आत जाऊन दुवा मागायची होती. नवऱ्याने तलाक दिलेल्या शायरा बानो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमातला तिहेरी तलाक रद्द झाला. एवढे होऊनही समाजाचा पुढाकार दिसत नसेल, तर सरकार बायकांना समाजात मोजतच नाही, असाच अर्थ आम्ही घेऊ.

धर्म आडवा येतो, ही सबब आता चालणार नाही. २००९ साली क्वालालंपूरमध्ये ‘मुसावाह’ ही जागतिक चळवळ उभी राहिली. तिच्यातल्या बायका कुराणाच्याच आधाराने कुटुंबातली समानता मांडतात आणि सीडॉच्या समितीपुढे आपले अहवाल ठेवतात. मोरोक्कोने २००४ मध्ये कुटुंब कायदा बदलला आणि २०११ मध्ये लग्न व कुटुंबाविषयीची आपली राखीव अट मागे घेतली. तिथले राज्य इस्लामी आहे. आमच्या धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताकाला कशाची भीती वाटते?

यात केवळ मुसलमानांकडे बोट दाखवू पाहणाऱ्यांनाही बजावतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्याच्यानंतर आई, असे आजही छापलेले आहे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातून आईसाठी वाट काढली, संसदेने मात्र ती ओळ बदलली नाही. ख्रिस्ती बायकोला नवऱ्याच्या व्यभिचाराच्या एकाच कारणावर घटस्फोट मिळायला २००१ साल उजाडावे लागले. आमचे दुःख दुसऱ्याच्या धर्मावर फेकायचा दगड म्हणून कुणी उचलू नये. उचलाल तर त्याच व्यासपीठावर येऊन आम्ही तुमचे नाव घेऊ.

धर्ममंडळांनो, यापुढे आमच्या वतीने संमती देऊ नका आणि नाकारूही नका. आम्ही तुम्हाला मुखत्यारपत्र दिलेले नाही.

१८ डिसेंबर १९७९ रोजी हा करार संमत झाला. येत्या १८ डिसेंबरपर्यंत केंद्र सरकारने कलम ५(अ) आणि १६(१) वरची अट मागे घेतल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना लेखी कळवावे. तसे झाले नाही तर १९ डिसेंबरपासून मंदिर, मशीद, चर्चच्या दारात उभ्या राहून आम्ही सह्या गोळा करू. भारताची सुनावणी जिनिव्हात होईल तेव्हा सरकारी अहवालाशेजारी आमचा अहवाल असेल, आणि त्यावर सह्या करणाऱ्या बायका त्याच समाजांतल्या असतील ज्यांच्या संमतीची वाट सरकार पाहते आहे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हाच प्रश्न विचारला जाईल. आम्हाला लेखी उत्तर हवे. तोंडी आश्वासन, समिती किंवा मुदतवाढ यांपैकी काहीही स्वीकारले जाणार नाही.