खोक्याला बिल्टी, गाडीला फक्त 'वेटिंग'

वाडीतल्या खडगाव रोडवरच्या कुठल्याही गोडाऊनमधून पाचशे रुपयांचं खोकं निघालं तरी त्याची बिल्टी बनते. बिल्टीवर नंबर असतो, तारीख असते, कोणी पाठवलं, कोणाला जाणार, भाडं किती, सगळं लिहिलेलं असतं. माल अडकला तर व्यापारी फोन करतो, "भाऊ, गाडी कुठे पोचली?" आणि ट्रान्सपोर्टवाल्याला उत्तर द्यावंच लागतं. नाही दिलं तर पुढच्या वेळी माल दुसऱ्याकडे.

त्याच वाडीतला माणूस २५ लाखांची इलेक्ट्रिक गाडी बुक करतो तेव्हा त्याला काय मिळतं? एक पावती, दोन मेसेज आणि एक वाक्य : "वेटिंग आहे सर, आला की कळवतो."

रांगेत नंबर कितवा? माहीत नाही. तारीख? "कंपनीकडून आली नाही." किंमत? "डिलिव्हरीच्या दिवशी जी असेल ती." आणि उशीर झाला तर भरपाई? हे विचारलं की समोरचा पोरगा असा पाहतो, जणू आपण त्याची किडनी मागितली. मी स्वतः पाच महिन्यांपासून या रांगेत आहे. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण नाव बदललं तरी पावतीमागची बारीक अक्षरं साधारण तीच असतात.

आता काही जण म्हणतील, काहून रडता राजेहो, चेतकसाठी आमच्या बापाने वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. बरोबर आहे, पाहिली होती. पण तेव्हा कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या हे दिल्लीतलं लायसन्स ठरवत होतं. मागणी डोंगराएवढी आणि परवानगी मुठीएवढी, म्हणून रांग. आज असं कोणतं लायसन्स आड येतं? किती गाड्या बनवायच्या, बुकिंग कोणत्या दिवशी उघडायचं, किती जणांचे पैसे घ्यायचे, हे सगळं कंपनी स्वतः ठरवते. म्हणजे आजची रांग बऱ्याच अंशी कंपनीने ठरवलेली रांग आहे.

आणि ती रांगच आता जाहिरात झाली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एमजी विंडसरला पहिल्या २४ तासांत १५ हजारांवर बुकिंग. १४ फेब्रुवारी २०२५ ला महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई ला पहिल्याच दिवशी ३०,१७९. जुलै २०२५ मध्ये टाटा हॅरियर ईव्हीला २४ तासांत १० हजारांवर. हे आकडे कंपन्यांनीच अभिमानाने जाहीर केले, पेपरांनी छापले. अभिमान वाटायलाच पाहिजे, आपल्या चाकणला, पुण्याला गाड्या बनतात. पण बुकिंगचा आकडा जेवढ्या मोठ्या अक्षरात येतो, तेवढ्या मोठ्या अक्षरात "आज अखेर अमुक गाड्या दिल्या, तमुक बाकी" असा आकडा दर महिन्याला का येत नाही?

साधा हिशोब करा. समजा ३० हजार लोकांनी प्रत्येकी २१ हजार भरले. झाले ६३ कोटी. हे पैसे महिनोन् महिने दुसऱ्याच्या खात्यात, बिनव्याजी. तुम्ही बँकेचा एक हप्ता चार दिवस उशिरा भरून पाहा, दंड कसा लागतो ते. मग इकडे दंड का नाही?

हे जमत नाही असंही नाही. २००९ मध्ये टाटांच्या नॅनोला दोन लाखांवर बुकिंग आलं. कंपनीने संगणकीय सोडत काढली, पहिल्या एक लाख लोकांना आधीची किंमत कायम ठेवण्याचं वचन दिलं, आणि ज्यांचा नंबर लागला नाही पण ज्यांनी पैसे ठेवले त्यांना साडेआठ टक्क्यांच्या आसपास व्याज देऊ केलं. नॅनोचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण एक लाखाची गाडी घेणाऱ्याला जो मान तेव्हा मिळाला, तो आज २५ लाख देणाऱ्याला मिळत नाही.

कोणी म्हणेल, पुरवठ्याच्या अडचणी खऱ्या असतात. असतात ना! एप्रिल २०२५ मध्ये चीनने रेअर अर्थ मॅग्नेटच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि जगभरच्या मोटर बनवणाऱ्यांना घाम फुटला. बॅटरीचे सेलही मोठ्या प्रमाणात बाहेरूनच येतात. ग्राहकाला हे समजतं. त्याला ते लेखी सांगा. "अमुक भाग आला नाही, तुमची गाडी दोन महिने पुढे गेली, थांबायचं नसेल तर आठ दिवसांत पैसे परत." एवढं एक पत्र लिहायला कोणता मॅग्नेट लागतो?

महिंद्राने निदान वेळापत्रक आधी सांगितलं होतं, सगळ्यात महागडा पॅक मार्च २०२५ पासून आणि सगळ्यात स्वस्त पॅक ऑगस्टपासून. सांगितलं हे चांगलंच. पण त्या वेळापत्रकात एक गोष्ट उघडी पडते. रांगेत पहिला कोण हे खिसा ठरवतो. आधी पैसे भरणारा मागे राहू शकतो आणि वरचं मॉडेल घेणारा पुढे जातो. मग शोरूममधला सल्ला येतो, "टॉप मॉडेल घ्या ना सर, लगेच मिळेल." याला वेटिंग म्हणायचं की विक्रीचा दबाव?

"श्रीमंतांचे चोचले" म्हणून हा विषय झटकणाऱ्यांनी वाडीत एक चक्कर मारावी. इथे ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेला माणूस फंडातून गाडी घेतो. एमआयडीसीत नोकरी करणारं जोडपं कर्ज काढून घेतं. समृद्धीवरून भाड्याने गाडी चालवणारा हिशोब करतो की डिझेल वाचलं तर हप्ता निघेल. यांची जुनी गाडी विकलेली असते, नाहीतर एक्सचेंजचा भाव मुदत संपल्यावर पडलेला असतो. बँकेच्या मंजुरीलाही मुदत असते, ती गेली की पुन्हा कागद, पुन्हा प्रोसेसिंग फी. ही सगळी भरपाई कोण करतं? कोणीच नाही.

सरकारही यातून सुटत नाही. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव आला. म्हणजे फेब्रुवारीत ३०.५० लाखांची गाडी बुक करणाऱ्याच्या डोक्यावर महिन्याभरात १ लाख ८० हजारांहून जास्त बोजा आला असता, आणि तोही उशीर त्याचा नसताना. ओरड झाली, महिनाअखेरीस मुख्यमंत्र्यांनी प्रस्ताव मागे घेत असल्याचं सांगितलं. बरं झालं. टोलमाफीची तीच कथा. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ईव्ही धोरण मंजूर केलं, समृद्धीवर टोल माफ म्हणून. आणि डिसेंबरमध्ये इथेच नागपूरच्या अधिवेशनात विधानसभा अध्यक्षांना सांगावं लागलं की आठ दिवसांत अंमलबजावणी करा. गाडीलाही वेटिंग आणि सवलतीलाही वेटिंग!

आता मुद्द्याचं. २५ लाखांत काही वर्षांपूर्वी वाडीत फ्लॅट येत होता. त्या फ्लॅटसाठी १ मे २०१७ पासून रेरा आहे. बिल्डरला ताब्याची तारीख द्यावी लागते, करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, उशीर झाला तर ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो किंवा थांबून दर महिन्याचं व्याज घेऊ शकतो. बिल्डरांनी तेव्हा धंदा बुडेल म्हणून बोंब मारली होती. धंदा बुडाला का? तेवढ्याच रकमेच्या गाडीला असा एकही नियम नसावा, हे कोणत्या न्यायात बसतं?

राज्य सरकार या गाड्यांना मोटार वाहन करात सूट देतं. तो पैसा बसने जाणाऱ्याचाही आहे. सूट द्या, पण अट घाला :

१. बुकिंगच्या दिवशी रांगेतला नंबर लेखी, आणि तो ऑनलाइन पाहता आला पाहिजे.
२. डिलिव्हरीचा महिना लेखी, आणि बुकिंगच्या दिवशीची किंमत तोपर्यंत कायम.
३. महिना चुकला तर जमा रकमेवर व्याज, आणि मागितले तर पूर्ण पैसे परत.
४. किती बुकिंग, किती डिलिव्हरी, किती रद्द, हे दर महिन्याला मॉडेलनुसार जाहीर.
५. विमा किंवा ॲक्सेसरीज शोरूममधूनच घेतल्या तर गाडी लवकर, असला प्रकार दिसला तर डीलरवर कारवाई.

यात कंपनीला बुडवणारं काय आहे? ट्रान्सपोर्टवाला हे रोज करतो.

नियम येईपर्यंत आपल्या हातात काय आहे, तेही सांगतो. पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी ईमेलवर मागा : रांगेतला नंबर, डिलिव्हरीचा महिना, बुकिंग रद्द केल्यावर पैसे किती दिवसांत परत. तोंडी आश्वासन घेऊ नका, उत्तर आलं नाही तर ते न आलेलं उत्तरही जपून ठेवा. आधीच अडकला असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अन्याय्य करार' हा शब्द आहे. एकतर्फी अटी लादल्या असतील तर राज्य आयोगाकडे दाद मागता येते आणि त्याचं खंडपीठ आपल्या नागपुरातच बसतं.

एकट्याने गेलं तर शोरूमवाला चहा पाजून परत पाठवतो. त्याच रांगेतले दहा जण एकत्र, लेखी घेऊन गेले, तर मॅनेजर केबिनमधून बाहेर येतो. वाडी, हिंगणा, दाभा, फुटाळा, कुठलेही असा. त्याच रांगेत असाल तर एकत्र या. आपण दान मागत नाही भाऊ, पैसे आपण आधीच भरले आहेत.