नाद की व्यसन? तास मोजून कळणार नाही

रमजानच्या महिन्यात रात्री जागण्याला घरातून मुभा असते. तरावीहची नमाज संपायला दहा वाजतात आणि सेहरीसाठी पहाटे चारच्या सुमारास उठायचेच असते. मग मध्ये झोपायचे कशाला, असा पोरांचा सरळ हिशेब. कोणत्याही मोहल्ल्यात फेरी मारा. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर चार-चार जण ओळीने बसलेले दिसतील. माना खाली, अंगठे चालू, कानात इअरफोन. मधूनच कोणीतरी ओरडतो, ‘मागून आला, मागून आला!’ एकाला गोळी लागते, दुसरा त्याला उठवायला धावतो. हे सगळे अर्थात मोबाइलच्या पडद्यावर. मशिदीतून परतणारे चाचा-मामू क्षणभर थांबतात, मान हलवतात आणि म्हणतात, ‘सबको नशा लग गया है.’ मे महिन्याच्या सुटीत हेच वाक्य शेजारच्या गल्लीत मराठीतून ऐकू येते, ‘व्यसन लागलंय मेल्यांना!’

भाषा दोन, निदान एकच. ते बरोबर आहे का?

‘नशा पोटात गेल्याशिवाय व्यसन कसले?’ असे पोरे उलट विचारतात. हा युक्तिवाद टिकत नाही, आणि त्यासाठी आधुनिक डॉक्टरांकडेही जावे लागत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाची कामातून येणारी चार व्यसने सांगितली आहेत: शिकार, द्यूत, स्त्री आणि मद्यपान. चारांपैकी पोटात जाणारे एकच. धर्मराजाने राज्य घालवले ते फाशांपायी, हे या महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. कुराणातही दारू आणि जुगार यांचा उल्लेख जोडीने येतो. त्यांत लोकांना काही फायदे असतात हे तिथे नाकारलेले नाही. तोटा फायद्याहून मोठा, असा तो हिशेब आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी मात्र जुगाराला व्यसनांच्या प्रकरणात बसवले ते २०१३ मध्ये. आपल्या पूर्वजांना ते आधीच ठाऊक होते, असे म्हणून छाती फुगवण्याचे कारण नाही. पण पोरांच्या प्रश्नाला एवढे उत्तर पुरे.

ऑनलाइन जगाच्या व्यसनाची डॉक्टरी कथा तर थट्टेपासून सुरू झाली. १९९५ मध्ये इव्हान गोल्डबर्ग या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञाने ‘इंटरनेट व्यसन विकार’ नावाचा आजार गमतीने रचला आणि त्याची लक्षणे अगदी वैद्यकीय थाटात लिहून काढली. आपल्या व्यवसायातल्या लक्षणांच्या लांबलचक याद्यांची त्याला टिंगल करायची होती. झाले असे, की ‘मला हाच आजार आहे’ असे म्हणणारी माणसे पुढे आली. २०१३ मध्ये ‘इंटरनेट गेमिंग विकार’ अमेरिकेच्या निदानपुस्तकात शिरला, तोही ‘अजून अभ्यास हवा’ या शेऱ्यासह. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘गेमिंग विकार’ आपल्या आजारांच्या यादीत मंजूर केला. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याआधी अनेक देशांतल्या संशोधकांनी एकत्र येऊन आक्षेप घेतला होता, की दारू-जुगाराची फूटपट्टी जशीच्या तशी खेळांना लावू नका, त्यात भलीचंगी मुलेही मापली जातील.

या व्याख्येत काय आहे, ते पाहण्यासारखे आहे. खेळावरचा ताबा सुटणे. बाकीच्या आवडी आणि रोजची कामे यांच्या पुढे खेळ जाऊन बसणे. नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे. त्यापायी घर, शिक्षण, नोकरी, नाती यांची ठळक हानी होणे. आणि हे सगळे साधारण १२ महिने दिसत राहणे. या सगळ्यात तासांचा आकडा कुठेही नाही. आपण घरात पहिला प्रश्न नेमका तोच विचारतो, ‘किती तास झाले?’

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची गोष्ट इथे सविस्तर सांगितली पाहिजे. त्याला जन्मतःच स्नायू झिजवणारा ड्यूशेन हा आजार होता. शाळकरी वयातच व्हीलचेअर आली आणि पुढे हालचाल बोटांपुरती उरली. तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन जगात राहायचा. अक्षरशः राहायचाच, आयुष्याच्या शेवटच्या दशकात त्याने तिथे १५ ते २० हजार तास घालवले असावेत, असा अंदाज आहे. म्हणजे सणवार, आजारपण काही न वगळता रोजचे चार ते साडेपाच तास. आपल्या मापाने पाहिले तर हा कट्टर व्यसनी. आईवडिलांनाही वाईट वाटायचे, की पोराने जगात काही पाहिले नाही, मित्र केले नाहीत, कोणाच्या आयुष्यात त्याची काही जागा झाली नाही.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये, २५ व्या वर्षी तो गेला. त्याने आपल्या ब्लॉगचा पासवर्ड मागे ठेवला होता. वडिलांनी तिथे दोन ओळींत निधनाची बातमी दिली, आणि अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. त्या जगात तो ‘इबेलिन’ नावाचा धडधाकट तरुण होता. रोज ठरलेल्या वेळी धावायला जायचा, लोकांची चौकशी करायचा, कोणी निराश असेल तर तासन्‌तास ऐकून घ्यायचा. एका मुलीचा कॉम्प्युटर तिच्या आईवडिलांनी काढून घेतला, तेव्हा त्याने त्या आईवडिलांना समजुतीचे पत्र लिहिले होते. त्याच्या अंत्यविधीला त्याच्या गटातले काही जण दुसऱ्या देशांतून ओस्लोला आले. त्याला प्रत्यक्ष कधीही न पाहिलेली ही माणसे होती. त्याच्यावर बेंजामिन री यांनी केलेला माहितीपट २०२४ मध्ये आला. जमले तर घरच्यांबरोबर पाहा.

आता दुसरी गोष्ट, थोडक्यातच सांगतो, कारण ती सांगवत नाही. दक्षिण कोरियातले एक जोडपे रात्र-रात्र सायबर कॅफेत बसून एका खेळातल्या खोट्या मुलीला वाढवत होते. घरी त्यांची खरी मुलगी, तीन महिन्यांची, उपाशी राहून २००९ मध्ये मेली.

घड्याळ लावले तर या दोन गोष्टींत फारसा फरक निघणार नाही. मॅट्ससाठी ते जग हीच माणसांत जायची वाट होती; त्या जोडप्याने त्याच वाटेने घरातल्या माणसाकडे पाठ फिरवली. तरीही सरकारे घड्याळच लावतात. त्यांना दुसरे काही लावताही येत नसावे. कोरियाने २०११ मध्ये कायदा केला, की १६ वर्षांखालच्या मुलांना रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन खेळता येणार नाही. मुलांनी आईवडिलांचे ओळखक्रमांक वापरले. शिवाय खेळ कॉम्प्युटरवरून मोबाइलवर गेले आणि मोबाइल त्या कायद्यात नव्हताच. दहा वर्षांनी कायदा गुंडाळला. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढीच मोकळीक ठेवली. आपल्याकडे २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदी घालून काही पोरांना अटकही केली होती. २०२० मध्ये पबजी देशभर बंद झाला तो देशाच्या सुरक्षेचे कारण देऊन; व्यसनाचा मुद्दा तिथे नव्हता. त्याचा भारतीय अवतार २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा १८ वर्षांखाली दिवसाला ३ तास आणि बाकीच्यांना ६ तास अशी मर्यादा आली. सहा तास खेळणारा ठीक आणि सात तास खेळणारा रोगी, असे मानायचे का?

रोज्याचे उदाहरण घ्या. आपल्याकडे मार्चमधला रोजा १३-१४ तासांचा होतो. रमजान जूनमध्ये आला की ओस्लोत तोच १९ तासांवर जातो. दोघांचाही रोजा एकच धरला जातो. उपाशी राहिलेले तास जास्त म्हणून पुण्य जास्त, असा भाव कोणी लावत नाही. दिवसभर पाणी समोर असते, ते हरामही नसते, तरी हात जात नाही. महत्त्व त्या ताब्याला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतला पहिला शब्दही ताबाच आहे.

यावरून आमच्याकडचे काही भले लोक एक सोपी परीक्षा सुचवतात: रमजानभर गेम सोडून दाखव, सोडलास तर व्यसन नाही. परीक्षा चांगली वाटते, पण मला ती पटत नाही. प्रत्येक मोहल्ल्यात असे दोन-चार जण असतात जे अकरा महिने पितात, रमजानचा चाँद दिसला की बाटली बंद करतात, तीस दिवस पहिल्या सफेत उभे राहतात आणि ईदच्या संध्याकाळी पुन्हा अड्ड्यावर दिसतात. हिंदू वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. गटारी साजरी करून श्रावण कडक पाळणारे त्यांच्याही ओळखीचे असतात. या माणसांनी महिनाभर सोडली म्हणून त्यांच्या बायका त्यांना निर्व्यसनी म्हणत नाहीत. माणूस महिनाभर थांबू शकतो, कारण महिन्याला शेवट असतो आणि सगळा समाज बरोबर थांबलेला असतो. त्यानंतर तो कसा परततो ते पाहावे लागते. दोन पेग घेऊन जेवायला घरी येतो, की तीस दिवसांची थकबाकी एका रात्रीत वसूल करतो? गेमचेही तसेच. डॉक्टर १२ महिने पाहायला सांगतात, ते मला म्हणूनच शहाणपणाचे वाटते.

मग त्या पायऱ्यांवरच्या पोरांचे काय? माझे मत सांगतो. त्यांतल्या बहुतेकांना व्यसन नाही, नाद आहे. मराठीत या दोन टोकांच्या मध्ये छंद, वेड, चटक असे कितीतरी शब्द आहेत. ते सोडून आपण थेट शेवटच्या शब्दावर उडी मारतो, कारण तो एकदा उच्चारला की पुढे बोलावे लागत नाही. चार मित्र एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून खेळतात, हरले की एकमेकांना शिव्या देतात, तीन वाजता कोणाकडे तरी चहा पितात. आमच्या पिढीने याच वयात याच पायऱ्यांवर कॅरमचा बोर्ड मांडून रात्री काढल्या. त्या बोर्डाला कोणी आजार म्हटले नाही, ‘टवाळखोरी’ म्हटले. झोप बुडते, दुसऱ्या दिवशी जोहरपर्यंत डोळे उघडत नाहीत, कॉलेज बुडते, हे खरेच आहे. त्याबद्दल रागवा. पण रागवणे वेगळे आणि मुलाला रोगी ठरवणे वेगळे.

मुलींचा विषय तर कोणी काढतच नाही. आमच्या घरांत मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे मैदान बंद होते. (फक्त आमच्याच घरांत होते, असे समजू नका.) भावाला पायऱ्या आहेत, चहाची टपरी आहे, मोटारसायकल आहे, तिला आतली खोली आणि आईचा जुना मोबाइल. त्या मोबाइलमधल्या जगात तिच्या मैत्रिणी असतात, एखादा खेळ असतो, कधी स्वतःचे एक खोटे घर असते. ती त्यात चार तास असते म्हणून मोबाइल काढून घेतला, तर बदल्यात तिला काय देणार आहोत?

जिथे ‘व्यसन’ हा शब्द मला पूर्ण पटतो, ते ठिकाण वेगळे आहे. आजचे बरेच खेळ फुकट उतरवता येतात आणि त्यांची कमाई आत बसवलेल्या दुकानातून होते. पेटी विकत घ्यायची. आत काय निघेल ते नशिबावर. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटते. बक्षीस कधी मिळेल ते ठरलेले नसले की प्राणी कळ दाबतच राहतो, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून कधीच दाखवले होते. आता कळ पोरांच्या अंगठ्याखाली आहे. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना जुगार ठरवले. आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण ई-स्पोर्ट्सला त्यात प्रोत्साहन आहे. कायदा कितपत चालेल ते पुढे दिसेल. निदान रेघ योग्य जागी ओढली आहे. ती तासांवर ओढलेली नाही.

घरात विचारायचेच असेल तर असे विचारा, की कोणाबरोबर खेळतोस? पैसे किती गेले? कोणाच्या खात्यातून? मुलगा पहिल्या प्रश्नाला लांबलचक उत्तर देईल. बाकीच्या दोन प्रश्नांना तो खोटे बोलू लागला, दागिना किंवा बँकेतली रक्कम हलली, परीक्षा बुडूनही हात थांबेना, आधीचे मित्रही तुटले आणि हे महिनोन्‌महिने चालले, तर मात्र ओरडून किंवा तावीज बांधून भागणार नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स रुग्णालयात अशा त्रासासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचार केंद्र चालते. तितके दूर जायच्या आधी १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. चोवीस तास चालू असतो, त्यामुळे सेहरीच्या वेळीही लागतो.