पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच का?

'पीएसए सहा आलाय' एवढ्या एका वाक्याने कोल्हापुरातल्या एखाद्या घराची झोप उडते. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. आकडा चारच्या पुढे गेला की शंका घेतली जाते. पण जंतुसंसर्ग, ग्रंथीची सूज किंवा वयोमानाने झालेली वाढ यांमुळेही तो चढतो. त्यामुळे सीपीआर असो की राजारामपुरीतला खासगी दवाखाना, लघवीची तपासणी आणि काही आठवड्यांनी पुन्हा पीएसए, हा क्रम टाळू नये. 'वयाचेच आहे' म्हणून अहवाल कपाटात टाकणे तर त्याहून वाईट.

सूज आणि कॅन्सरचे नाते सरळ नाही. दीर्घकाळ सुजलेल्या ऊतीत पेशी मरतात, नव्या भराभर तयार होतात आणि त्या धांदलीत जनुके बिघडू शकतात, असे संशोधक मानतात. तरी सूज म्हणजे कॅन्सर नव्हे.

आजार किती आक्रमक, हे मुख्यतः बायोप्सी सांगते. ग्लीसन गुण ६ असेल तर अनेकदा नियमित देखरेख पुरते. ८ ते १० असल्यास वेळ दवडून चालत नाही. पीटेन जनुक हरवलेले असणे हीदेखील धोक्याची खूण. बीआरसीए-२ जनुकात दोष असेल, तर हार्मोन उपचारांना न जुमानणाऱ्या, पसरलेल्या आजारात ओलापॅरिब हे औषध उपयोगी पडू शकते. हाच दोष स्त्रियांत स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो. म्हणजे आजोबांच्या केसपेपरवर आई-बहिणींच्या आजाराची नोंद हवी, आणि आजोबांत दोष सापडला तर लेकींचीही तपासणी व्हायला हवी.