सुट्टी कुणाची, स्मरण कुणाचे?

नव्या वर्षाची दिनदर्शिका हाती आली की आम्ही शिक्षक मंडळी प्रथम सुट्ट्या मोजतो आणि रविवारी पडलेल्या सणाबद्दल हळहळतो. यात गैर काही नाही. परंतु सार्वजनिक सुट्टी म्हणजे केवळ विश्रांती नव्हे. शासन जेव्हा कचेऱ्या, शाळा व कारखाने बंद ठेवते, तेव्हा एका दिवसाच्या उत्पादनाचे मोल देऊन ते सांगत असते की, हे स्मरण साऱ्या देशाचे आहे. भाषणास खर्च येत नाही, सुट्टीस येतो. म्हणूनच सुट्टी कोणत्या दिवशी द्यावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. प्रशांत महासागरातील फिजी या देशाचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे.

१४ मे १८७९ रोजी 'लिओनिदास' हे जहाज हिंदी मजुरांची पहिली तुकडी घेऊन फिजीतील लेवुका बंदरी पोहोचले. १९१६ पर्यंत सुमारे साठ हजार माणसे अशी तेथे गेली. त्यांच्या पाच वर्षांच्या 'अ‍ॅग्रीमेंट'चे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. पुरुषास दिवसाला किमान एक शिलिंग, स्त्रीस नऊ पेन्स. सोमवार ते शुक्रवार नऊ तास, शनिवारी पाच तास काम. रविवार व 'अधिकृत सुट्ट्या' मात्र वगळून, असे त्या करारात लिहिलेले होते. अधिकृत सुट्टी कोणती, हे अर्थातच मजुराने ठरवावयाचे नव्हते. ही पद्धत समूळ बंद करावी, असा ठराव नामदार गोखले यांनी १९१२ साली वरिष्ठ कायदेमंडळात मांडला. तो फेटाळला गेला. उरलेल्या मजुरांचे करार रद्द होण्यास १९२० साल उजाडावे लागले.

याच १४ मे या तारखेला, १९८७ साली, लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांनी महिन्यापूर्वीच अधिकारावर आलेले बावद्रा यांचे सरकार उलथून टाकले. त्या सरकारचा पंतप्रधान मूळ फिजीवासी होता. पण त्यास भारतीय वंशीयांचा मोठा पाठिंबा होता, हाच त्याचा अपराध ठरला. तेव्हा लोकसंख्येत जवळजवळ निम्मे असलेले भारतीय वंशीय आज सुमारे एक-तृतीयांश उरले आहेत. पुढे, २०२२ च्या निवडणुकीनंतर पंतप्रधान झालेल्या त्याच राबुकांनी १४ मे २०२३ रोजी जाहीरपणे क्षमा मागितली आणि त्याच वर्षापासून 'गिरमिट दिन' ही राष्ट्रीय सुट्टी झाली. ज्यांच्या सुट्ट्या दुसरे ठरवीत होते, त्यांचाच दिवस अखेर 'अधिकृत' ठरला.

त्याच वर्षी आणखी एक सुट्टी परत आली. रातू सर लाला सुकुना (१८८८–१९५८) हे मूळ फिजीवासीयांचे थोर नेते. त्यांच्या पुढाकाराने १९४० साली जमातींच्या जमिनींसाठी विश्वस्त व्यवस्था उभी राहिली. आजही देशातील ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन या जमातींच्या मालकीची आहे. ती विकता येत नाही. भाडेपट्ट्याने मात्र देता येते. २०१० साली रद्द झालेला सुकुना दिन २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यातील मर्म चटकन उमगेल. मे महिन्यातील या दोन सुट्ट्यांपैकी एक जमिनीची आहे, दुसरी श्रमाची. फिजीची साखर या दोहोंच्या संयोगातून निर्माण झाली. तिसरा घटक भांडवल. ते ऑस्ट्रेलियातील साखर कंपनीचे होते. त्याचा दिवस कुणी पाळीत नाही. भांडवलास स्मरणाची गरज नसावी!

सुट्ट्यांमुळे उत्पादन घटते, गरीब देशास हे परवडत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. रोजंदारीवरील माणसास तर सुट्टी कधी कधी शिक्षाच ठरते. परंतु निम्म्या समाजाचा देशावरील विश्वास उडाला, म्हणजे शिक्षक, डॉक्टर, कारागीर देशाबाहेर जाऊ लागतात. ती हानी कोणत्या खात्यात मांडावयाची? फिजीने ती १९८७ नंतर सोसली आहे.

तथापि सुट्टी हा न्यायाचा पर्याय नव्हे, हेही तितकेच खरे. १९९७ पासून तीस वर्षांचे भाडेपट्टे संपू लागले, तेव्हा अनेक ऊस-उत्पादक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते सोडावी लागली. त्यांचा प्रश्न एका दिवसाच्या समारंभाने सुटणारा नाही. आणि प्रत्येक समाजाने आपापला दिवस आपल्यापुरताच साजरा केला, तर दिनदर्शिकेतही वेगवेगळ्या वस्त्या उभ्या राहतील.

दिवाळी, पैगंबर जयंती, गुड फ्रायडे व नाताळ या चारही दिवशी फिजीत सुट्टी असते. तेथील खरी कसोटी इतकीच की, गिरमिट दिनी शाळा का बंद आहे हे मूळ फिजीवासी मुलास, आणि सुकुना दिनाचा अर्थ भारतीय वंशाच्या मुलास सांगता यावा. हीच कसोटी आपणही स्वतःस लावून पाहावी. आपल्या यादीतील शेजाऱ्याच्या सणाची सुट्टी आपण आनंदाने घेतो. तो सण कशाचा, हे कितीजणांस सांगता येईल?