जुना पीसी, नवा लॅपटॉप आणि अबोला

हॉलच्या कोपऱ्यात कव्हर घालून ठेवलेला जुना डेस्कटॉप आणि तुमच्या बॅगेतला नवाकोरा लॅपटॉप. दोघंही एकाच राउटरला जोडलेले. तरी लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडलं की डेस्कटॉपचा पत्ताच नाही. किंवा नाव दिसतं, पण क्लिक केलं की एरर! आणि त्या डेस्कटॉपवर असतं काय? ताईच्या लग्नाचे फोटो, आजोबांच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ, बाबांचे हिशेब. थोडक्यात, ज्याची दुसरी कॉपी कुठेच नाही ते सगळं.

मग आपण राउटर बंद-चालू करतो, इंटरनेटवाल्याला फोन लावतो. पण बऱ्याचदा राउटर बिचारा निर्दोष असतो. प्रॉब्लेम असतो भाषेचा.

विंडोजची मशीन्स एकमेकांकडे फाइल्स मागतात त्या एसएमबी नावाच्या भाषेत. २००१ साली आलेल्या एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती येते. व्हिस्टाबरोबर दुसरी आली, विंडोज ८ बरोबर तिसरी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हे रॅन्समवेअर या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातूनच जगभर पसरलं. ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटल्सनाही त्याचा फटका बसला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर अपडेटपासून विंडोज १० ने ही आवृत्ती काढून टाकायला सुरुवात केली आणि आजच्या नव्या लॅपटॉपवर ती बंदच असते. म्हणजे तुमचा लॅपटॉप बिघडलेला नाही, तो मुद्दामच अबोला धरून बसलाय!

तेव्हा आधी जुन्या पीसीचं वय तपासा. विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबा, 'विनव्हर' टाइप करा. कोणतं विंडोज आहे ते कळेल.

विंडोज ७ किंवा त्यापुढचं असेल तर निम्मं टेन्शन गेलं. त्याला दुसरी आवृत्ती येते. आता या क्रमाने बघा :

१. दोघंही एकाच वायफायवर आहेत ना? राउटरचं 'गेस्ट' वायफाय बहुधा मशीन्सना एकमेकांपासून लांबच ठेवतं. लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये घरचं नेटवर्क 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा आणि नेटवर्क डिस्कव्हरी व फाइल शेअरिंग चालू करा. विंडोज ७ वर नेटवर्क 'होम' असू द्या. होमग्रुप मात्र शोधत बसू नका, विंडोज १० मधून तो २०१८ मध्येच गेला.

२. नावाने हाक मारून उत्तर नाही? पत्त्यावर जा. जुन्या पीसीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' टाका. १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसेल. लॅपटॉपच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन तो आकडा लिहा आणि एंटर मारा. फोल्डर उघडलं तर घोळ फक्त नाव शोधण्याचा होता.

३. पासवर्ड मागतोय? ज्या मशीनवर फाइल्स आहेत तिथलं युजरनेम आणि पासवर्ड द्यायचा. तुमच्या लॅपटॉपचा पिन इथे चालत नाही. जुन्या पीसीला पासवर्डच नसेल तर तिथे पासवर्डवालं नवं अकाउंट उघडा आणि फोल्डर त्या अकाउंटला शेअर करा. कारण २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ अपडेटपासून विंडोज ११ प्रो बिनपासवर्डच्या 'गेस्ट' शेअरिंगला थेट नकार देतं.

आणि पीसी एक्सपीवाला निघाला तर? एखादा मित्र सांगेल, "अरे, विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी एकवर टिक कर, झालं काम!" काम होईलही. पण एका जुन्या पीसीसाठी तुम्ही आपल्या रोजच्या लॅपटॉपवर तेच भोक पुन्हा उघडाल. शिवाय एक्सपीचे नियमित सिक्युरिटी अपडेट्स एप्रिल २०१४ मध्येच थांबलेत. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आयटीवाल्यांना न विचारता असलं काही करूच नका.

इथे सरळ रस्ता म्हणजे नेटवर्कचा नाद सोडणं. एनटीएफएस फॉरमॅटची एक्सटर्नल हार्ड डिस्क जोडा आणि कॉपी करा. साधा पेनड्राइव्ह बऱ्याचदा एफएटी३२ फॉरमॅटचा असतो आणि त्यावर ४ जीबीची फाइल मावत नाही, लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडकतो. पीसी चालूच होत नसेल तर आतली डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घाला. केसिंग घेताना डिस्क रुंद पट्टीच्या केबलची आयडीई आहे की बारीक केबलची साटा, ते बघून घ्या. लॅपटॉपला जोडली की आधी अँटिव्हायरस फिरवा.

एक लक्षात ठेवा. सेटिंग्जशी महिनाभरही झगडता येईल, पण जुनी डिस्क तोवर थांबेलच असं नाही. म्हणून दोन संध्याकाळींत शेअरिंग जमलं नाही तर सरळ केबल लावा. दोन वेगळ्या जागी कॉपी ठेवा आणि चार-पाच फोटो, एखादा व्हिडिओ नव्या लॅपटॉपवर उघडून बघा. तोवर जुन्या पीसीचं फॉरमॅटिंग नाही आणि भंगारवाल्याला फोनही नाही!