ऐकावें तें नवल : दिवसां हिंडणारा पिंगळा

दिवाळीच्या सुटींत आमच्या अकोल्याच्या घरीं चारी भावंडांचीं नातवंडें जमतात. रात्रीचीं जेवणें आटोपलीं, पानसुपारी झाली, म्हणजे ओसरीवर पोरांची प्रश्नमंजूषा सुरू होते. आणि निवृत्त शिक्षक म्हणून पंचाचें आसन माझ्याकडे येतें. हें आसन दिसतें तितकें सुखाचें नाहीं. पूर्वीं गुरुजी म्हणतील ती पूर्व दिशा असे. आतां एखादा सन चुकला तर सात वर्षांचें पोर मोबाइलांत पाहून तेथल्या तेथें पंचाचाच कान धरतें.

यंदाचा पहिला प्रश्न पुतण्याच्या मुलानें घातला : "सलग डांबरी रस्ता घालण्याचा जागतिक विक्रम २०२२ सालीं कोणत्या रस्त्यावर झाला?" उत्तर आमच्या उंबरठ्यापासून फार दूर नव्हतें. अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना या टापूंत त्या वर्षाच्या जून महिन्यांत १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालें, आणि दोहा शहरीं २०१९ सालीं झालेला पंचवीस किलोमीटरांचा विक्रम मागें पडला. पोरांनीं टाळ्या पिटल्या. मीं मात्र एक पुस्ती जोडली. हे ७५ किलोमीटर एकेरी पट्ट्याचे मोजलेले आहेत; दुपदरी रस्ता धरला तर ते साडेसदतीस होतात. त्यानें त्या मजुरांचा भर जेठांतला पराक्रम तिळभरही उणा होत नाहीं. पण आंकडा कशाचा, कोणी मोजला, हें विचारल्यावांचून कोणतेंही नवल पदरीं घ्यावयाचें नाहीं, असा आमच्या बैठकीचा दंडक आहे.

हा दंडक त्याच रात्रीं माझ्यावर उलटला.

झालें असें कीं, अंगणांतल्या कडुनिंबावरून एकाएकीं चिर्र चिर्र असा कलकलाट सुरू झाला. आमच्या वडील भगिनी, आक्का, माजघरांतून ओरडल्या, "उठा रे कोणीतरी, हाकला त्या मेल्याला! सणासुदीचा दारांत पिंगळा!" दोन पोरें काठी घेऊन धांवलीं. इकडे दहा वर्षांच्या नातीनें विचारलें, "आजोबा, घुबडाला दिवसां दिसत नाहीं ना?" माझ्या जिभेवर पर्याय तयारच होते. उलूक, घूक, कौशिक, निशाटन, दिवांध, दिवाभीत! जो दिवसां आंधळा तो दिवांध. जो दिवसाला भितो तो दिवाभीत. विग्रहासह सांगून मोकळा होणार, तोंच एका जुन्या उत्तरपत्रिकेची आठवण होऊन मी थबकलों.

१९८८ सालची गोष्ट. मी तेव्हां अमरावतीच्या एका शाळेंत मराठी व संस्कृत शिकवीत असें. वर्गांत धारणीकडचा एक कोरकू मुलगा होता. वसतिगृहांत राही, बोले थोडें. सहामाही परीक्षेंत मीं प्रश्न घातला होता : 'घुबडास दिवांध कां म्हणतात?' सर्वांनीं अपेक्षित उत्तर लिहिलें. या मुलानें लिहिलें कीं, आमच्या रानांत एक लहान घुबड आहे, तें सकाळीं उन्हांत वाळक्या झाडाच्या शेंड्यावर बसतें आणि दिवसां सरडे धरतें, त्याला दिसतें. मीं तांबड्या शाईनें फुली मारली. उत्तरपत्रिका घेऊन तो मेजापाशीं आला आणि म्हणाला, "गुरुजी, मीं पाहिलें आहे." मीं म्हटलें, "कोशांत काय दिलें आहे तें पाहा." तो गेला. प्रश्न भाषेचा होता, पक्षिशास्त्राचा नव्हता, अशी माझी मीं समजूत घालून घेतली. ती आजहि पुरती पटत नाहीं.

आतां त्या घुबडाची हकीकत ऐकावी. आपल्या वऱ्हाडांतील पाखराची ही कथा कोठल्या कोठें फिरून आली आहे, हें पाहून वाचकांस मौज वाटेल.

१८७२ सालच्या डिसेंबरांत ब्लेविट नांवाच्या एका गोऱ्या गृहस्थास आजच्या छत्तीसगडच्या बाजूस एक अपरिचित लहान घुबड मिळालें. पुढल्याच वर्षीं, १८७३ सालीं, त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें आणि ब्लेविटचें नांव त्यास कायमचें चिकटलें. हें वर्णन करणारा पंडित कोण, तर अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम! १८८५ सालच्या काँग्रेसच्या स्थापनेंत ज्यांचें नांव आपण इतिहासाच्या तासाला घोकिलें तेच हे ह्यूमसाहेब. हिंदुस्थानांतील पक्षिशास्त्रांत त्यांचा अधिकार फार मोठा होता. परंतु सिमल्याच्या त्यांच्या घरून एका नोकरानें त्यांचीं वर्षानुवर्षांचीं टिपणें रद्दीच्या भावानें बाजारांत विकलीं. साहेबांचें मन त्यावरून जें उडालें तें उडालेंच. ८०,००० हून अधिक नमुन्यांचा आपला संग्रह त्यांनीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. (घरोघरच्या गृहिणींस विनंती कीं, दिवाळीची झाडलोट करतांना यजमानांचे कागद एकवार विचारून मग रद्दींत घालावे.)

या रानपिंगळ्याचे पुढें आणखी कांहीं नमुने मिळाले. त्यांतले बहुतेक जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें पश्चिम खानदेशांत गोळा केले. १८८४ नंतर मात्र कोणास तो खात्रीनें दिसला नाहीं. जगांतल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून अवघे सात खरे नमुने, एवढाच काय तो त्याचा संसार. 'खरे' हा शब्द मीं जाणून घातला आहे. एक नमुना निराळा होता, आणि सारा घोळ त्यानेंच घातला.

कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हे इंग्रज लष्करांतील एक गाजलेले गृहस्थ. शौर्य, हेरगिरी आणि पक्षिसंग्रह या तिन्ही बाबतींत त्यांचा बोलबाला. त्यांच्या संग्रहांत एक रानपिंगळा होता. त्याच्या पायाच्या चिठीवर लिहिलें होतें कीं, गुजराथेंत तापीकांठच्या मांडवी येथें ऑक्टोबर १९१४ मध्यें हा मीं मिळविला. एवढ्या मोठ्या माणसाच्या हस्ताक्षरावर अविश्वास कोण दाखवील? झालें! पक्षी शेवटचा १९१४ त मांडवीस दिसला, असें ग्रंथकारांनीं नमूद केलें, आणि शोधणारे मांडवीच्या वाटेला लागले. १९७० नंतरच्या दशकांत सलीम अली व डिलन रिप्ले यांच्यासारख्या धुरंधरांनींही या पाखराचा माग काढण्याची खटपट केली. हातीं कांहीं लागलें नाहीं. रानपिंगळा नामशेष झाला, असें बहुतेकांनीं मनाशीं ठरविलें.

कर्नलसाहेब १९६७ सालीं वारले. त्यांच्या हयातींतही कुजबूज होतीच. म्युझियममधून नमुने परस्पर उचलल्याच्या संशयावरून एकदां त्यांना पक्षिदालनांत येण्यास बंदीही झाली होती. पुढें अमेरिकेंतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनीं त्यांचा एकेक नमुना तपासावयास घेतला. मेलेल्या पाखराचें कातडें भरून शिवण्याची प्रत्येक संग्राहकाची एक लकब असते. जसें पुरणपोळीच्या कडेवरून ती कोणत्या सुनेनें लाटली हें आक्का ओळखतात. क्ष-किरणांनीं पाहतां मांडवीच्या त्या रानपिंगळ्याचें पोट उसवून पुन्हां भरलेलें आढळलें, आणि आंतली मूळची लकब डेव्हिडसनची निघाली! म्हणजे १८८० नंतर खानदेशांत मारलेलें, म्युझियमच्या कपाटांतलें पाखरूं कर्नलांनीं चोरलें, नव्यानें शिवलें आणि १९१४ ची खोटी चिठी त्याच्या पायांत बांधली. पिंगळा मांडवीस कर्नलांना कधीं भेटलाच नव्हता.

चोरी उघडकीस आली, त्यापेक्षां तिचा परिणाम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. खोटी नोंद पुसतांच खऱ्या जागा उरल्या. रासमुसेनबाई, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरांत त्या जागा पायीं धुंडाळीत निघाले. पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणीं निराशाच झाली. मग ते डेव्हिडसनच्या खानदेशांत आले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळीं, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं, एका पर्णहीन झाडावर बेन किंग यांना एक लहान घुबड बसलेलें दिसलें. डोक्यावर ठिपके नाहींत, पायांवर पांढरी दाट पिसें, चोंच व पंजे दणकट. ११३ वर्षें हरवलेला रानपिंगळा भर उजेडीं ऊन खात बसला होता!

पुढल्या वर्षांत संशोधकांनीं सातपुड्याचीं इतर रानें पाहिलीं, तेव्हां तो आपल्या मेळघाटांतही निघाला, आणि खानदेशापेक्षां चांगल्या संख्येनें निघाला. सागवानाच्या विरळ रानांत तो राहतो. सरडे, उंदीर, किडे खातो. आणि शिकार पुष्कळदां दिवसां करतो. १९७३-७४ त वाघासाठीं राखलेल्या त्या जंगलाच्या कृपेनें, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, हाही वांचला होता. आपल्या अंगणांतला तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात आणि त्याचें राज्य तिन्हीसांजेला सुरू होतें. दोघे चुलतभाऊ, पण एक वस्तींतला, एक वनांतला.

वर्तमानपत्रांत 'लुप्त पक्षी सांपडला' हा मथळा मीं वाचला तेव्हां प्रथम आनंदच झाला. मग तांबडी फुली आठवली. साऱ्या जगाच्या पंडितांनीं ज्याला मृत ठरविलें, तो पक्षी माझ्या वर्गांतल्या एका पोराला बहुधा लहानपणापासून ओळखीचा होता. हरवला होता तो आम्हां लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना. आणि गंमत पाहा : कर्नलाची खोटी चिठी छापली गेली म्हणून पिढ्यानपिढ्या खरी ठरली, पोराची खरी ओळ हस्तलिखित होती म्हणून माझ्या एका फटकाऱ्यानें खोटी ठरली.

आमच्या शास्त्रकारांवरही सगळा दोष टाकतां येणार नाहीं. शब्दकोशानें घुबडाला दिवांध म्हटलें खरें. पण त्याच परंपरेंत वैशेषिक दर्शनाच्या कर्त्याचें, कणाद मुनींचें, दुसरें नांव उलूक आहे आणि त्यांच्या शास्त्रास औलूक्यदर्शन म्हणतात. पदार्थांचें इतकें सूक्ष्म दर्शन घेणाऱ्यास घुबडाचें नांव! वसंतराजाच्या शकुनग्रंथांत पिंगळेच्या आवाजाला स्वतंत्र प्रकरण मिळालें आहे. बंगाल्यांत लक्ष्मीचें वाहन घुबड. ग्रीकांत तें विद्यादेवी अथीनीचें, आणि म्हणूनच पिंगळ्याच्या कुळास शास्त्रांत तिचेंच नांव आहे. आपल्याकडे पहाटे दारीं येणारा पिंगळा जोशी तर या पाखराची भाषा जाणतों म्हणून दक्षिणा घेई. त्याला सूपभर जोंधळे द्यावयाचे आणि ज्याच्या नांवावर तो मागतो त्या पाखराला काठी दाखवावयाची, हा न्याय मला अजून उलगडला नाहीं.

काठीपुरतें असतें तरी चाललें असतें. जादूटोण्यासाठीं घुबडें पकडण्याचा व मारण्याचा धंदा कायद्यानें बंदी असूनही चालतो, आणि त्यांतून बिचाऱ्या रानपिंगळ्याचीही सुटका नाहीं. २०१८ सालीं जागतिक यादींत त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गांतून काढून 'संकटग्रस्त' वर्गांत घातलें. ठाण्याकडच्या तानसा अभयारण्यांत व गुजराथेंतही तो आढळला म्हणून ही बढती मिळाली. तरी प्रौढ पक्षी हजाराच्या आंतच असावेत असा अंदाज आहे. आमच्या एका शाळेंत त्याहून अधिक पोरें असत.

हें सारें त्या रात्रीं मीं ओसरीवर सांगितलें. उत्तरपत्रिकेचीही कथा वगळली नाहीं. नातीनें विचारलें, "मग तुम्हीं त्याचे गुण वाढवून दिले का?" मीं म्हटलें, तो मुलगा शाळा सोडून केव्हांच गेला होता, बातमी आली तेव्हां त्याचा पत्ताही मजपाशीं नव्हता. तिनें पंचाच्या वहींत, जेथें आम्ही दोन्ही पक्षांचे गुण मांडतों, त्याच्याखालीं एक निराळी ओळ आंखली, 'धारणीचा मुलगा' असें लिहिलें आणि पुढें पांच गुण मांडले. प्रश्न दोनच गुणांचा होता, हें मीं बोललों नाहीं.

तेवढ्यांत काठी घेऊन गेलेलीं पोरें परत आलीं. पिंगळा हाललाच नव्हता. उलट मान वळवून वळवून त्यांच्याचकडे पाहत होता. आक्का इतका वेळ दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या हें कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें. त्या बाहेर आल्या, कडुनिंबाकडे क्षणभर पाहिलें आणि पोरांना म्हणाल्या, "राहूं द्या आतां. पण याच्या डोक्यावर ठिपके आहेत कीं नाहींत, तें उद्यां उजेडांत मला पाहून सांगा."