झोन बदलू नका, ऑफिसला खोली द्या

शहापुरात प्लॉट बघायला आलेला माणूस पाणी येते का ते नंतर विचारतो. आधी विचारतो, पुढे गाळे निघतील का? भातसा-तानसा धरणांच्या तालुक्यात हा क्रम पाहून हसू येते, पण व्यवहार तसाच चालतो. आग्रा रोडची वर्दळ जुनीच, त्यात 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. शेजारच्या मुरबाडला कल्याण-माळशेजचा रस्ता आणि एमआयडीसी आहे. रस्त्याकडेच्या घराला भाव येतो तो त्याच्या दर्शनी बाजूचा. मग खालच्या मजल्याला शटर बसते. आधी किराणा, तो उठला की टायरवाला, मग वेल्डिंग. मागच्या गल्लीतल्या घरांना रात्री ग्राइंडर ऐकत झोपावे लागते.

यावर एक तोडगा निघतो : बाजार आणि वस्ती यांच्यामधला निवासी पट्टा बफर म्हणून व्यावसायिकांच्या कार्यालयांसाठी ठेवा. वकील, सीए, आर्किटेक्ट, विमावाले. दिवसा माणसांची ये-जा, संध्याकाळी सातला कुलूप. मी शहापूरच्या कोर्टात वकिली करते आणि माझे ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत आहे, तेव्हा या तोडग्यात माझा फायदाच आहे. तरीही त्यासाठी झोन बदलायला माझा विरोध आहे.

झोन जमिनीला लागतो, तिथे बसणाऱ्या माणसाला लागत नाही. आज वकिलासाठी म्हणून बदललेला झोन वकील गेल्यावर तसाच राहतो. पुढचा मालक म्हणतो, निवासी तर आता नाहीच, मग बँक का नको, हॉल का नको? आणि त्याला लागून असलेल्या प्लॉटचा मालक दुसऱ्याच आठवड्यात अर्ज घेऊन येतो, कारण आता त्याच्या घराशेजारी घर राहिलेले नसते. बाजार आणि वस्ती यांच्यात भिंत घालायला निघालेला पट्टा असा आतल्या बाजूला सरकत जातो.

माझ्याकडे येतात कोण? किन्हवलीकडचा, सरळगावकडचा शेतकरी. फेरफार अडलेला, वारसनोंद राहिलेली, भावाभावांत वाटप नाही, मोबदल्याच्या पैशावरून घरात अबोला. चार-पाच जण ओटीवर बसतात, कागद पिशवीतून काढतात, चहा होतो. तारखेच्या आदल्या संध्याकाळी मोटारसायकली जरा जास्त लागतात आणि शेजारच्या काकू मला त्याबद्दल बोलतात. त्यांनी बोलायलाच हवे. पण मी तिथेच राहते, त्यामुळे काकूंना तक्रार घेऊन नगरपंचायतीत जावे लागत नाही, कुंपणावरून हाक मारली की पुरते. हा खरा बफर आहे, आणि तो घराला घर ठेवूनच मिळतो.

यासाठी नवा कायदाही नको. राज्याच्या डिसेंबर 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत निवासी विभागात राहणाऱ्या माणसाला घरात छोटे कार्यालय, डॉक्टरला दवाखाना चालवता येतो. महावितरणसुद्धा राहत्या घरातल्या वकील-डॉक्टरच्या कामाला घरगुती दर लावते. वीज कंपनीला जो फरक कळतो तो प्लॉटवाल्यांना कळत नाही असे नाही. नोएडात निवासी सेक्टरांत बँका आणि नर्सिंग होम शिरली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये त्यांना बाहेर जायला सांगितले, आणि वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट यांना तळमजल्याचा काही भाग वापरायला मुभा ठेवली.

मुरबाडबद्दल मात्र वेगळे बोलायला हवे. एमआयडीसी आणि घरे यांच्यामध्ये कार्यालये बसवली की प्रश्न सुटला, असे कुणी म्हणू लागले तर ते अजिबात ऐकू नये. डोंबिवलीत मे 2016 आणि मे 2024 मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसे गेली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. कारखान्याला खेटून वस्ती वाढू दिल्याची ती किंमत. तिथे मध्ये ऑफिस असते तर काचा ऑफिसच्या फुटल्या असत्या, आणि आत टायपिंग करणारी पोरगी जखमी झाली असती. कारखान्यापुढे मोकळी जमीन आणि झाडेच हवीत. ऑफिस आवाज आणि गर्दी अडवते, स्फोट अडवत नाही.

शहापूरच्या बाजारपेठेलगतच्या गल्ल्यांसाठी माझे मागणे साधे आहे. तळमजल्यावर ऑफिसला परवानगी द्या, पण वर कुणीतरी राहत असले पाहिजे. दर्शनी भागाला शटर नको, दारच हवे. गाड्या प्लॉटच्या आत. ऑफिस बंद झाले की खोली पुन्हा घराची. बाहेरगावचा गुंतवणूकदार यावर नाराज होईल, कारण त्याला भाड्याने देण्यासाठी गाळेच हवे असतात. होऊ दे.

मंजूर विकास आराखड्यात झोन बदलायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली आधी राजपत्रात सूचना काढावी लागते आणि लोकांना हरकतीसाठी एक महिना मिळतो. आपल्याकडे त्या महिन्यात नगरपंचायतीत जातो तो अर्जदाराचा माणूस. त्या गल्लीत राहणाऱ्यांनीही जावे. सर्व्हे नंबर आणि गल्लीचे नाव घालून हरकत लिहा, खाली सही करा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.